मनोरुग्ण सहकाऱ्यांचे शरीरस्वास्थ्य : हा युनियनचाच प्रश्न



महागाई भत्ता, जुनी पेन्शन, रिक्त जागा आणि कंत्राटीकरण या प्रश्नांवर आम्ही या पानांतून वेळोवेळी लिहीत आलो आहोत आणि पुढेही लिहिणार आहोत. आज मात्र मागणीपत्रकात सहसा ज्याचा उल्लेख होत नाही अशा एका प्रश्नाकडे आपले लक्ष वेधावयाचे आहे. आपल्या गँगमध्ये, यार्डात, आरएमएसच्या सॉर्टिंग टेबलावर आणि आपल्या क्वार्टरांत गंभीर मानसिक आजार असलेली माणसे आहेत. कोणाला स्किझोफ्रेनिया आहे, त्याला नसलेले आवाज ऐकू येतात. कोणाला बायपोलर आजार आहे, तो कधी उन्मादात असतो तर कधी खोल उदासीत. कोणाला तीव्र नैराश्य आहे. त्यांना उपचार मिळावेत, त्यांची नोकरी वाचावी म्हणून युनियन धावपळ करते. पण उपचार सुरू झाल्यानंतर त्यांच्या शरीराची काळजी कोण घेतो?

भिलाईच्या सिविक सेंटरमध्ये मराठी रेल्वे व टपाल कर्मचाऱ्यांची अलीकडे एक बैठक झाली. त्या बैठकीत हा विषय निघाला आणि त्यावर बराच वेळ चर्चा झाली. त्यातून आमचे जे मत बनले ते थोडक्यात असे : मानसिक आजाराची औषधे घेणाऱ्या सहकाऱ्यांचे वजन, साखर, रक्तदाब, तंबाखूचे व्यसन आणि रोजची हालचाल यांकडे लक्ष देणारा कायमचा कार्यक्रम हवा, आणि तो प्रशासनाच्या भरवशावर न सोडता युनियनच्या शाखेने स्वतः चालवला पाहिजे.

प्रथम वस्तुस्थिती पाहू. बंगलोरच्या निमहान्स संस्थेने 2015-16 साली देशातील 12 राज्यांत राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केले. त्या 12 राज्यांत छत्तीसगडही होते. त्यात असे आढळले की दर हजार प्रौढ माणसांमागे सुमारे 8 जणांना त्या वेळी गंभीर मानसिक आजार होता, आणि आयुष्यात कधी ना कधी तो झालेल्यांचे प्रमाण हजारी 19 होते. म्हणजे हजार प्रौढांच्या कॉलनीत आठ माणसे. ही माणसे दिसत नाहीत, कारण घरचे लोक त्यांना झाकून ठेवतात.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. जागतिक आरोग्य संघटनेने 2018 साली या रुग्णांच्या शारीरिक आजारांविषयी खास मार्गदर्शक सूचना काढल्या. गंभीर मानसिक आजार असलेली माणसे इतरांपेक्षा 10 ते 20 वर्षे आधी मरतात, असे ही संघटना सांगते. आपल्याला वाटते की ती आत्महत्येने किंवा अपघाताने जात असावीत. तसेही होते, परंतु बहुतेक मृत्यू हृदयविकार, मधुमेह, श्वसनाचे आजार आणि संसर्ग यांनी होतात. म्हणजे जे आजार टाळता येतात किंवा आटोक्यात ठेवता येतात, त्यांनीच ही माणसे जातात.

असे का होते? पहिले कारण औषधांचे. आवाज थांबवणारी, उन्माद शांत करणारी काही औषधे, विशेषतः ओलान्झापिन आणि क्लोझापिन, भूक वाढवतात. वजन वाढते, रक्तातील साखर व चरबी वाढते. तोंड कोरडे पडते, मग माणूस दिवसभर गोड चहा आणि बाटलीबंद थंड पेये पितो. दुसरे कारण आजाराचे. या आजारात उत्साह मावळतो, माणूस खाटेवर पडून राहतो. तिसरे कारण तंबाखूचे. या रुग्णांत बिडी-सिगारेटचे प्रमाण इतरांपेक्षा बरेच जास्त असते. आपल्याकडे त्यात नागपूर-गोंदियाचा खर्रा आणि छत्तीसगडचा गुडाखू यांची भर पडते. चौथे कारण उपेक्षेचे. रुग्णाने छातीत दुखते म्हटले तर ‘त्याच्या डोक्यातला भ्रम असेल’ म्हणून सोडून देतात. मनाचा डॉक्टर साखर पाहत नाही आणि साखरेचा डॉक्टर मनोरुग्णाला नीट तपासत नाही.

आमच्या शाखेतील एका ट्रॅकमेंटेनरचे उदाहरण येथे सांगणे योग्य होईल. त्याला आजार झाला तेव्हा युनियनने त्याची बाजू मांडली, उपचार सुरू झाले, लाईनवरून काढून त्याला ऑफिसात बसते काम मिळाले. आवाज थांबले, घर सावरले. सगळ्यांना वाटले की प्रश्न सुटला. रोज पंधरा-वीस किलोमीटर रूळ तुडवणारा तो गडी आता दिवसभर स्टुलावर बसू लागला. चार वर्षांत पोट सुटले, खर्रा वाढला, पाय सुजू लागले. तो दर महिन्याला औषध आणायला दवाखान्यात जात होता. तेथे कोणी त्याला वजनकाट्यावर उभे केले नाही, एकदाही साखर तपासली नाही. सत्तेचाळिसाव्या वर्षी हृदयविकाराच्या झटक्याने तो गेला. साखर खूप वाढलेली होती हे शेवटच्या दिवशी कळले. त्याच्या पत्नीने आम्हाला विचारले, ‘डोकं बरं झालं होतं ना भाऊ, मग हे कशानं झालं?’ या प्रश्नाचे उत्तर प्रत्येक शाखेने शोधले पाहिजे असे आम्हाला वाटते.

आपल्या कामाच्या स्वरूपामुळे काही धोके आणखी वाढतात. ते प्रत्येक गँगला माहीत असले पाहिजेत. दुर्ग-भिलाई-नागपूर पट्ट्यात मे महिन्यात पारा 44-45 अंशांवर जातो. मानसिक आजाराची अनेक औषधे शरीराची उष्णता सहन करण्याची शक्ती कमी करतात. बायपोलर आजारात लिथियम देतात. खूप घाम जाऊन शरीरातील पाणी कमी झाले, तर लिथियमचे रक्तातील प्रमाण वाढून विषबाधा होऊ शकते. हात जोराने थरथरणे, उलट्या-जुलाब, बोबडे बोलणे, चालताना तोल जाणे ही तिची लक्षणे होत. असा माणूस दारू प्यायला आहे असे समजून त्याच्यावर रिपोर्ट न करता त्याला तात्काळ रुग्णालयात नेले पाहिजे. तसेच रात्रपाळीचे. झोपमोड झाली की बायपोलर आजार उसळतो. पॉइंट्समन असो की आरएमएसचा सॉर्टर, सलग रात्रपाळ्या त्याला पुन्हा आजारात लोटू शकतात.

तंबाखूबाबतही एक गोष्ट सांगितली पाहिजे. बिडी-सिगारेटच्या धुरामुळे ओलान्झापिन व क्लोझापिन ही औषधे शरीरातून लवकर निघून जातात, म्हणून धूम्रपान करणाऱ्याला डोस जास्त लागतो. अशा रुग्णाने एकदम बिडी सोडली तर तोच डोस त्याला जड होतो. म्हणून बिडी जरूर सोडावी, पण आधी डॉक्टरांना सांगून सोडावी. आणि वजन वाढते म्हणून कोणीही औषध स्वतःहून बंद करू नये. डॉक्टरांशी बोलून औषध बदलता येते. औषध तोडल्याने आजार पुन्हा उलटतो आणि मग नोकरी, घर, सारेच धोक्यात येते.

आता काही सहकारी विचारतील की हे सर्व रेल्वेचे दवाखाने आणि सरकार करील, युनियनने यात का पडावे? याचे उत्तर भीती हे आहे. रेल्वेत सुरक्षेशी संबंधित कामाला वैद्यकीय श्रेणी आहे. आजार उघड झाला की श्रेणी जाईल, रनिंग अलाउन्स जाईल, लोक ‘पागल’ म्हणतील, या भीतीने माणूस आजार लपवतो. बाहेरच्या खाजगी डॉक्टरकडे चोरून जातो, गोळ्या डब्यात लपवतो आणि दवाखान्याच्या कोणत्याही शिबिरात पाय ठेवत नाही. प्रशासनाने उद्या ‘मनोरुग्ण कर्मचाऱ्यांसाठी आरोग्य कार्यक्रम’ अशी नोटीस लावली, तर त्या नोटिशीखाली एकही माणूस येणार नाही. कामावर मस्करीही कमी नसते. ‘याला ठाण्याला पाठवा’, ‘येरवड्यात जागा आहे का बघा’ हे आपण सहज बोलून जातो. सिक लीव्ह मागितली की ‘वेड पांघरून पेडगावला निघाला’ असे म्हणणारे साहेब आहेत आणि त्यावर हसणारे कामगारही आहेत.

म्हणून कायदा काय सांगतो हे प्रत्येकाने लक्षात ठेवावे. मानसिक आरोग्य सेवा कायदा 2017 हा 29 मे 2018 पासून लागू आहे. मानसिक आजाराच्या रुग्णाला शारीरिक आजाराच्या रुग्णाबरोबरीने वागवले पाहिजे असे तो सांगतो, आणि रुग्णाच्या आजाराविषयी गुप्तता पाळण्याचा हक्कही देतो. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा 2016 मध्ये मानसिक आजाराचा समावेश आहे. त्याच्या कलम 20 प्रमाणे सेवेत असताना दिव्यांगत्व आले म्हणून सरकारी आस्थापनेला कर्मचाऱ्याला काढता येत नाही किंवा खालच्या पदावर ढकलता येत नाही. तो त्या कामास योग्य राहिला नसेल तर त्याच वेतनश्रेणीत दुसरे काम द्यावे लागते. केंद्रीय राखीव पोलीस दलातील एका अधिकाऱ्याच्या खटल्यात 17 डिसेंबर 2021 रोजी सर्वोच्च न्यायालयाने मानसिक आजार असलेल्या कर्मचाऱ्याच्या बाजूने महत्त्वाचा निकाल दिला. ज्या वर्तनाला आजार हेही एक कारण आहे, त्यासाठी शिस्तभंगाची कारवाई करणे हा भेदभाव ठरतो, असे त्यात म्हटले आहे. हे कायदे हातात घेऊन युनियन माणसाच्या पाठीशी उभी राहिली, तरच त्याची भीती कमी होईल आणि तो उपचारासाठी उघडपणे पुढे येईल.

कामगारांनी आरोग्याचे काम स्वतः हाती घ्यावे ही कल्पना या भूमीला नवी नाही. भिलाईच्या पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी 1959 साली पेटली. दल्ली राजहऱ्याच्या खाणींतले लोहखनिज आपल्याच मालगाड्यांनी भिलाईला आले, आणि ज्या रुळांवर आपण आयुष्य काढतो ते रूळ त्याच पोलादाचे आहेत. त्या दल्ली राजहऱ्यात शंकर गुहा नियोगी यांच्या नेतृत्वाखाली खाण कामगारांची युनियन उभी राहिली. 1977 च्या जून महिन्यात तेथे झालेल्या पोलीस गोळीबारात 11 जण शहीद झाले. पुढे युनियनच्या उपाध्यक्षा कुसुमबाई प्रसूतीच्या वेळी योग्य उपचार न मिळाल्याने दगावल्या. तेव्हा कामगारांनी आपले रुग्णालय आपणच बांधायचे ठरवले. स्वतःच्या वर्गणीने आणि स्वतःच्या श्रमाने त्यांनी शहीद रुग्णालय उभारले आणि 3 जून 1983 रोजी ते सुरू झाले. त्याच युनियनने दारूबंदीची मोहीम चालवली, हगवणीत मीठ-साखर-पाणी कसे द्यावे हे घराघरांत शिकवले. वेतनाचा लढा आणि आरोग्याचे काम तिने वेगळे मानले नाही. नियोगींची 28 सप्टेंबर 1991 रोजी भिलाईत हत्या झाली, पण रुग्णालय बंद पडले नाही. निरक्षर खाण कामगारांनी जर हे करून दाखवले, तर पगारी रजा, इन्स्टिट्यूट आणि कल्याण निधी असलेल्या आपल्याला एक वजनकाटा आणि रक्तदाबाचे यंत्र घेणे जड जाऊ नये.

मराठी मुलखातही असे काम झाले आहे. मूळचे धुळ्याचे आणि कॅनडात प्राध्यापक असलेले डॉ. जगन्नाथ वाणी यांच्या घरात स्किझोफ्रेनियाचा आजार होता. त्यांच्या पुढाकाराने 1997 साली पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन स्थापन झाली. रुग्णांच्या नातेवाइकांनी एकत्र बसून एकमेकांना आधार देण्याची पद्धत तिने रुजवली. असा स्वमदत गट चालवायला मोठ्या इमारतीची गरज नाही, एक खोली आणि नेमाने येणारी माणसे पुरतात.

‘मनोरुग्ण माणूस कसला व्यायाम करतो?’ असे बैठकीत एका सहकाऱ्याने विचारले. त्याचे उत्तर अमेरिकेत मिळाले आहे. बाल्टिमोर भागात 291 रुग्णांवर अभ्यास झाला आणि तो 2013 साली प्रसिद्ध झाला. रुग्ण दिवसभर जेथे जमतात त्या पुनर्वसन केंद्रांतच व्यायाम आणि आहाराचे वर्ग घेतले गेले. 18 महिन्यांनंतर कार्यक्रमातील रुग्णांचे वजन इतर रुग्णांच्या तुलनेत सरासरी 3.2 किलोने जास्त कमी झाले. बहुतेक सर्वजण वजन वाढवणारी औषधे घेत असताना हे घडले. न्यू हॅम्पशायर राज्यात ‘इन शेप’ नावाचा कार्यक्रम सुरू झाला. त्यात प्रत्येक रुग्णाला एक सोबती दिला गेला, जो आठवड्यातून एकदा त्याला बरोबर घेऊन व्यायामाला जाई. त्यांपैकी सुमारे निम्म्या रुग्णांची हृदयविकाराची जोखीम लक्षणीय प्रमाणात घटली. यावरून दोन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत. केवळ सल्ला देऊन काही होत नाही, बरोबर चालणारा माणूस लागतो. आणि कार्यक्रम महिना-दोन महिन्यांचा चालत नाही, तो वर्षभर आणि त्याहून अधिक टिकावा लागतो. अनुदानावर चालणारे कार्यक्रम अनुदान संपले की बंद पडतात, सरकारी कार्यक्रम साहेबाची बदली झाली की थंडावतात. युनियनची शाखा मात्र तेथेच असते.

म्हणून सिविक सेंटरच्या बैठकीत पुढील योजना ठरली. ती इतर शाखांनीही आपल्या परिस्थितीप्रमाणे बदल करून हाती घ्यावी अशी आमची विनंती आहे.

1) दर रविवारी सकाळी 6 वाजता सिविक सेंटरला जमायचे आणि सेक्टरमधल्या सपाट, झाडीच्या रस्त्यांनी पाऊण तास चालायचे. उन्हाळ्यात साडेपाचला निघायचे. पाण्याची बाटली प्रत्येकाजवळ असलीच पाहिजे.

2) या गटाचे नाव ‘शुगर-बीपी गट’ असे राहील. ज्याला मधुमेह आहे, रक्तदाब आहे, पोट सुटले आहे तो कोणीही यात येईल. मनाच्या आजाराची गोळी कोण घेतो हे कोणी विचारणार नाही व कोणत्याही वहीत लिहिणार नाही. असा गट असला की कोणावर शिक्का बसत नाही.

3) ज्याला गरज आहे त्याला एक सोबती असेल. तो त्याच्या भरवशाचा, त्यानेच निवडलेला असावा. रविवारी घरी जाऊन त्याला बोलावून आणणे, आला नाही तर न रागावता पुढच्या रविवारी पुन्हा जाणे, एवढेच सोबत्याचे काम.

4) शाखेच्या निधीतून वजनकाटा, मापनफीत, रक्तदाबाचे यंत्र आणि साखर तपासण्याचे यंत्र घ्यायचे. महिन्यातून एकदा मोजमाप होईल. त्याचे कार्ड ज्याचे त्याच्याजवळ राहील, युनियनच्या कपाटात नाही. ते कार्ड तो स्वतः डॉक्टरांना दाखवील.

5) ज्यांना हृदयविकार किंवा अन्य आजार आहे त्यांनी चालणे सुरू करण्यापूर्वी डॉक्टरांचा सल्ला घ्यायचा. प्रत्येकाने आपल्याला झेपेल तेवढेच चालायचे.

6) महिन्यातून एका रविवारी घरच्या मंडळींची बैठक होईल. स्वयंपाक कोण करते, चहात साखर किती पडते, पैसे कोणाच्या हातात असतात, हे प्रश्न घरच्यांशिवाय सुटत नाहीत. आजारी माणसाला सांभाळणाऱ्या आई-बहिणीही थकलेल्या असतात, त्यांनाही बोलायला जागा हवी.

याबरोबरच प्रशासनाकडे आमच्या मागण्या आहेत. मानसिक आजाराचे औषध सुरू करताना, तीन महिन्यांनी आणि त्यानंतर दरवर्षी वजन, कमरेचा घेर, रक्तदाब, साखर व चरबीची तपासणी प्रत्येक रेल्वे रुग्णालयात व सीजीएचएस दवाखान्यात झाली पाहिजे. डॉक्टरांनी लिहून दिल्यास रात्रपाळीतून व दुपारच्या उन्हातल्या कामातून सूट मिळाली पाहिजे. श्रेणी गेलेल्या कर्मचाऱ्याला पर्यायी काम देताना विलंब व वेतनात घट होता कामा नये. दिव्यांग मुलाला, जोडीदाराला किंवा आई-वडिलांना सांभाळणाऱ्या कर्मचाऱ्यांना नेहमीच्या बदल्यांतून सूट देणारा केंद्र सरकारचा 8 ऑक्टोबर 2018 चा आदेश आहे, तो मानसिक आजाराच्या बाबतीतही टाळाटाळ न करता लागू व्हावा. स्टाफ बेनिफिट फंडाच्या समितीत आपले प्रतिनिधी बसतात, त्यांनी या कार्यक्रमासाठी तरतूद मागावी. टपाल खात्यातील ग्रामीण डाक सेवक बंधूंना सीजीएचएसची सुविधा नाही. त्यांच्यासाठी वैद्यकीय सोयीची मागणी आपण करतोच, तिच्यात मानसिक आजाराचा स्पष्ट उल्लेख झाला पाहिजे.

काही जुने कार्यकर्ते म्हणतात की अशा कामांत पडलो तर लढा सैल होईल. आमचा अनुभव वेगळा आहे. आजारी माणसाच्या दारी जो जातो त्याच्या हाकेला लोक ओ देतात. आठ तासांच्या कामाची मागणी कामगार चळवळीने केली तीही अखेर कामगाराच्या शरीरासाठीच होती. त्या शरीरांत मनोरुग्ण कामगाराचे शरीर मोजायचे नाही, असे कोणत्याही युनियनच्या घटनेत लिहिलेले नाही.

ज्या घरात असा आजार आहे आणि कोणाशी बोलायचे हे कळत नाही, त्यांनी सरकारच्या टेली-मानस सेवेला 14416 या क्रमांकावर फोन करावा. 10 ऑक्टोबर 2022 पासून ही सेवा सुरू आहे, फोन मोफत आहे आणि मराठीतही बोलता येते. त्यानंतर आपल्या शाखेच्या विश्वासू कार्यकर्त्याला भेटावे.

शाखा सचिवांना आमचे आवाहन आहे की पुढच्या मासिक सभेच्या विषयपत्रिकेवर हा विषय घ्यावा, दोन सोबती नेमावेत, एक वजनकाटा विकत घ्यावा आणि पहिल्या रविवारची तारीख ठरवून टाकावी. सिविक सेंटरला आम्ही ती ठरवली आहे. भिलाई, दुर्ग, चरोदा परिसरातील मराठी रेल्वे आणि टपाल बंधू-भगिनींनी घरच्यांसह जरूर यावे, आणि येताना शेजारच्या क्वार्टरचे दारही ठोठवावे.

कामगार एकजुटीचा विजय असो!